अर्धवटराव आणि पाऊणराव

लहानपणी मला तीन नावं होती. एक शाळेच्या दाखल्यावरचं. ते वर्षातून दोनदा, निकालाच्या दिवशी, वडिलांच्या तोंडून आडनावासकट पूर्ण ऐकू येई. दुसरं हाक मारायचं. तिसरं 'अर्धवटराव'. आरेच्या दूधकेंद्रावर कार्ड घेऊन गेलो आणि रिकाम्या बाटल्या घरीच विसरलो की अर्धवटराव. एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात शेजारच्यांची चप्पल घालून शाळा गाठली की अर्धवटराव. वडिलांना वाटे, आपण याला बोलतोय. मला वाटे, आपल्याला पदवी मिळतेय. कारण खरे अर्धवटराव मी टीव्हीवर पाहिले होते, आणि त्यांच्याइतका भाग्यवान प्राणी मुंबई इलाख्यात दुसरा नाही अशी माझी खात्री होती.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. वरळीहून निघालेल्या लहरींना गिरगावातल्या आमच्या चाळीत पोचायला आणखी सात-आठ वर्षं लागली, आणि पोचल्या त्याही तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत. तिथल्या काकूंचं आडनाव तेव्हापासून मागे पडलं आणि त्या 'टीव्हीकाकू' झाल्या. सेटला लाकडी शटर, शटरला कुलूप आणि किल्ली काकूंच्या कमरेला. त्या किल्लीमुळे काकूंना चाळीत जो मान आला तो कुठल्याही पुढाऱ्याला हेवा वाटावा असा होता. पाय धुऊन यायचं, भिंतीला डोकं टेकायचं नाही (तेलाचे डाग पडतात) आणि व्यत्यय आला तरी उठायचं नाही, अशी त्या थिएटरची नियमावली होती.

दर आठवड्याला 'साप्ताहिकी' लागे. पुढच्या आठवड्यात काय काय दिसणार ते त्यात सांगत. मोठी माणसं चित्रपटासाठी कान टवकारत. आम्ही पोरं एकाच नावाची वाट बघत असू. 'रामदास पाध्ये' एवढं ऐकू आलं की जिन्यावर जो दणदणाट होई, त्याने तळमजल्यावरच्या वाण्याच्या बरण्या हलत.

खरं तर आम्ही ज्यांच्यासाठी धावत होतो ते पाध्ये नव्हेतच. ते त्यांच्या मांडीवर बसत. सुटाबुटात, डोळे गरागरा फिरवत, मान माणसाला झेपणार नाही इतकी वळवत, जबडा खटाखट उघडत बसलेले ते अर्धवटराव. बोलकी बाहुली हे त्यांचं अधिकृत वर्णन. पण त्यांना बाहुली म्हणणं म्हणजे आमच्या हेडमास्तरांना 'मुलगा' म्हणण्यासारखं होतं. अर्धवटराव बोलू लागले की पाध्यांची पंचाईत व्हायची. पाध्ये अदबीने काही विचारायचे आणि अर्धवटराव तिरकं उत्तर द्यायचे. पाध्ये ओशाळून प्रेक्षकांकडे बघायचे, 'अहो, असं बोलू नये' म्हणून समजावायला जायचे, आणि अर्धवटराव त्या समजावण्याचीही टर उडवायचे.

विनोद सगळेच कळत होते असं नाही. आम्हाला एक गोष्ट मात्र लख्ख दिसत होती : मांडीवर बसलेला एक इसम मोठ्या माणसाला चारचौघांत उलट उत्तर देतोय, आणि त्याला कुणीही मारत नाही. उलट टाळ्या पडतायत! आमच्याकडे उलट उत्तराला टाळ्या नव्हत्या, टाळीच्या निम्मं काहीतरी होतं. टाळीला दोन हात लागतात. त्याला एक हात आणि माझा गाल पुरे होई.

तेव्हा हे साधतं कसं, याचा शोध घेणं क्रमप्राप्त होतं. चाळीत तीन तट पडले. पहिला 'टेप'वाल्यांचा. बाहुलीच्या पोटात टेपरेकॉर्डर आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसरा तट म्हणे, खुर्चीमागे बुटका माणूस लपलेला असतो. तिसऱ्या तटात माझा थोरला भाऊ एकटाच होता. तो सातवीत असल्यामुळे त्याचं बहुमत धरलं जाई. त्याने सांगितलं, "पाध्ये पोटातून बोलतात."

हे मला लगेच पटलं. 'पोटात एक, ओठात एक' ही म्हण बाईंनी शिकवली होती आणि वाक्यात उपयोग करताना मी टीव्हीकाकूंचंच उदाहरण दिलं होतं. इथे पाध्यांच्या पोटात बरंच काही होतं आणि ओठांवर काहीच नव्हतं, एवढाच फरक.

दादाचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. या कलेला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'पोटातून बोलणं' असाच होतो. प्रत्यक्षात पोटाचा संबंध श्वासापुरता. तेवढा तर कीर्तनकारालाही लागतो. बाकी सगळी कामगिरी घशाची आणि जिभेची. दात अलगद जुळवायचे, ओठ किंचित विलग ठेवून चेहरा हसरा करायचा आणि जीभ आतल्या आत फिरवायची. आवाज कुठेही 'फेकला' जात नाही. तो पाध्यांच्याच तोंडून येतो. फक्त आपला कान डोळ्याचा ताबेदार आहे. ज्याचा जबडा हलताना डोळ्याला दिसतो, त्याच्या नावावर कान आवाज जमा करतो. म्हणून मराठीत या कलेला दिलेलं नाव जास्त नेमकं आहे : शब्दभ्रम. भ्रम आपला, शब्द त्यांचा.

टीव्हीकाकूंचा सेटसुद्धा तेच करत होता. त्याचा स्पीकर उजव्या कडेला, बटणांच्या खाली. बातम्या देणाऱ्या बाईंचं तोंड मध्यभागी. आवाज वीतभर बाजूने यायचा, पण आम्ही बाईंच्याच तोंडाकडे बघत माना डोलवायचो. म्हणजे अर्धवटराव टीव्हीवर यायचे तेव्हा एका शब्दभ्रमकाराच्या मांडीवर दुसरा बसलेला असायचा आणि त्याच्या मांडीवर अर्धवटराव. तरी आम्ही त्यांच्या खुर्चीमागे बुटका माणूस शोधत होतो!

मी सराव सुरू केला. जागा गॅलरीच्या टोकाला, नळाशेजारी; आरसा वडिलांचा दाढीचा. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. 'आई' म्हटलं, ओठ हलले नाहीत. 'काका', 'काकू', 'दादा', 'ताई', 'आत्या', 'आजी' – सगळे ओठ न हलवता आले. आपल्यात उपजत प्रतिभा आहे या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी 'बाबा' म्हणायला गेलो आणि आरशात दोन्ही ओठ फाटकन मिटले. 'मामा'ला मिटले. 'आजोबा'ला मिटले. 'मावशी'ला मिटले. निम्म्या नातेवाइकांनी असहकार पुकारला.

वर्णमालेच्या तक्त्यात प, फ, ब, भ, म यांना 'ओष्ठ्य' का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. शाळेत ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते आयुष्यात असं आडवं येईल असं वाटलं नव्हतं. ही पाच अक्षरं ओठ जुळल्याशिवाय निघत नाहीत. जगातल्या यच्चयावत शब्दभ्रमकारांचे हे पाच शत्रू. अनुभवी कलावंत ओठांचं काम जिभेकडून करून घेतो : म च्या जागी न च्या जवळचा, ब च्या जागी ड च्या जवळचा, प च्या जागी ट च्या जवळचा आवाज इतक्या बेमालूमपणे काढतो की ऐकणारा आपल्या मनानेच दुरुस्ती करून घेतो.

या दृष्टीने पाहू लागल्यावर मला अर्धवटरावांच्या खानदानाबद्दल भलताच आदर वाटू लागला. 'अर्धवटराव' या नावात ती पाचातली एकही नाही! 'व'ला खालचा ओठ जरासा दातांकडे सरकतो, पण तेवढं हसऱ्या चेहऱ्यात खपून जातं. म्हणजे त्यांना स्वतःचं नाव बिनधोक सांगता येतं. 'रामदास' म्हणताना मात्र म आडवा येतो, 'पाध्ये' म्हणताना प. आणि त्यांच्या सौभाग्यवती आवडाबाई. नवऱ्याचं नाव घ्यायला बायका लाजतात असं ऐकलं होतं, इथे बायकोचं नाव घेताना नवऱ्याची जीभ कसाला लागते. बरं, ज्या कलेवर हे सगळं उभं, त्या 'शब्दभ्रम' शब्दात ब, भ, म तिघेही हजर. हे म्हणजे बोबड्याने बोबडेपणाला 'र' आणि 'ळ' यांनी भरलेलं नाव द्यावं तसं झालं.

आणखी एक. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो सशाचा बाहुला, ज्याच्या खिदळण्यावर एक अख्खी पिढी पापड खायला शिकली, तोही पाध्यांचाच. 'पापड'! तीन अक्षरांत दोनदा ओठ आपटणारा हा शब्द शब्दभ्रमकाराच्या वाट्याला यावा, यासारखा दैवाचा खट्याळपणा नाही. पाध्ये स्वतः पडद्यावर दिसत नसत, म्हणून बरं.

अर्धवटराव रामदास पाध्यांपेक्षा वयाने मोठे. ते मूळचे त्यांच्या वडिलांचे, यशवंत केशव पाध्ये यांचे. त्यांनी मराठी माणसाला ही कला दाखवली तेव्हा बोलणारा डबा म्हणून रेडिओसुद्धा आपल्याकडे यायचा होता. रामदासांनी इंजिनिअरिंग केलं आणि १९६७ पासून वडिलांचा वारसा पुढे चालवला. पुढे त्यांच्या पत्नी अपर्णा आणि मुलगा सत्यजित हेही बाहुल्या बोलत्या करू लागले. एका घरात तीन पिढ्या नांदल्या आणि अर्धवटराव तिन्ही पिढ्यांना उलट उत्तरं देत राहिले. शंभरी ओलांडूनही ज्याला घरात कुणी 'आता तुम्ही देवाचं नाव घ्या' म्हणत नाही असे हे एकच आजोबा माझ्या माहितीत आहेत. १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू हाही याच घरातला. पण त्याला घाबरायला मला उशीर झाला होता. मी तोपर्यंत नोकरीला लागलो होतो आणि घाबरायला तिथे साहेब होते.

पुढे सरावातून आणखी एक शोध लागला. शब्दभ्रम आमच्या घरात पूर्वीपासून चालू होता आणि त्यातली बाहुली मीच होतो.

आईबाबांचं बिनसलं की दोघं एकमेकांशी बोलत नसत. खोली दहा बाय बाराची. आई स्टोव्हपाशी, वडील खाटेवर, मध्ये मी.

"तुझ्या वडिलांना सांग, पानं घेतलीयेत."

"बाबा, आई म्हणते, पानं घेतलीयेत."

"आईला सांग, भूक नाही."

"आई, बाबा म्हणतात, भूक नाही."

"म्हणावं, दुपारी बहिणीकडे जाऊन काय खाल्लंत ते कळलंय सगळं."

या वाक्याला माझा जबडा हले, आवाज आईचा असे आणि बाबा डोळे वटारत ते माझ्याकडे. बघणारा बाहुलीकडेच बघतो, हे कलेचं मूळ तत्त्व आमच्याकडे इतकं मुरलेलं होतं.

धाकट्या भावाच्या वेळी तर आईने कमाल केली. तो चार महिन्यांचा. त्याला मांडीवर घेऊन, मागून मानेला आधार देऊन, आई आत्याला सांगे, "आम्हाला नै बाई आवडत ते झबलं. आत्याने आणलेलं टोचतं आम्हाला." आत्या बाळाचा गालगुच्चा घेऊन म्हणे, "नाही आवडलं? लबाडा!" हेच वाक्य आई स्वतःच्या नावावर बोलली असती तर आत्याने दिवाळीपर्यंत आमच्या घरी पाय ठेवला नसता. अर्धवटरावांचं रहस्य मला इथे उमगलं. खरं बोलायचं असेल तर ते मांडीवरच्याच्या तोंडून बोलावं.

आणि मी माझा अर्धवटराव बनवायचं ठरवलं.

डोकं नारळाच्या करवंटीचं. डोळे वडिलांच्या जुन्या शर्टाच्या बटणांचे, एक पांढरं, एक करडं. जबडा म्हणून चेरी ब्लॉसमच्या डबीचं झाकण, त्याला दोरी. अंग म्हणजे दादाचा शाळेचा मोजा. नाव काय ठेवावं यावर मी दोन दिवस विचार केला. अर्धवटरावांपेक्षा थोडं वरचढ हवं, पण पूर्ण म्हणावं तर गर्वाचं घर खाली. म्हणून 'पाऊणराव' ठेवलं. नाव सगळ्यांना आवडलं. त्याचं पहिलंच अक्षर शत्रुपक्षाचं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

गणेशोत्सवात चाळीच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं मिळाली. समोर सतरंजीवर पोरंसोरं, मागे बाकांवर मोठी माणसं आणि मधल्या खुर्चीत चाळ कमिटीचे सेक्रेटरी. सगळी चाळ त्यांना 'नाना' म्हणे. नानांचं डोकं गुळगुळीत होतं. मंडपातल्या ट्यूबलाइटचं त्यात प्रतिबिंब पडे. याबद्दल चाळीत गेली दहा वर्षं सगळ्यांच्या पोटात एक होतं आणि ओठात काही नव्हतं.

मी मांडी ठोकून बसलो. पाऊणरावांना बसवलं. दात जुळवले, चेहरा हसरा केला.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

"नाझं नाव टाऊणराव," पाऊणराव म्हणाले.

मंडपात कुजबुज झाली. "टाऊन हॉलचा आहे काय?" मागून कुणीतरी विचारलं. मी घाम पुसला.

"तुम्हाला काय आवडतं?"

"नला डटाटा आवडतो."

पोरं हसू लागली. मला वाटलं, जमतंय! दादाने लिहून दिलेलं पुढचं वाक्य मी हजारदा घोकलं होतं. मामाच्या टकलावरचा साधा, घरगुती विनोद होता. आमच्या मामाला टक्कल होतं, तो पुण्याला राहत होता, तेव्हा धोका शून्य.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"नाझा नाना," पाऊणराव खणखणीत आवाजात म्हणाले. मग मान वळवून, थेट मधल्या खुर्चीकडे बघत, त्यांनी वाक्य पुरं केलं. "नाना टकला आहे!"

क्षणभर मंडपात निरांजनाचीच काय ती हालचाल होती. मग हशा फुटला. तो दहा वर्षांचा साठलेला हशा होता. बाकं हलली. वाणी डोळे पुसत होता. टीव्हीकाकूंनी तोंडात पदर कोंबला, आणि त्यांची कमरेची किल्ली किणकिणत राहिली. मान वळवायची दोरी ऐन वेळी अडकल्यामुळे पाऊणराव नानांवर नजर रोखून बसलेच होते. मी झाकणाची दोरी सोडवायला ओढली. जबडा खटाखट हलला आणि ते पुन्हा पुन्हा तेच म्हणतायत असं सगळ्यांना दिसलं.

नाना उठले. कमिटीच्या बैठकीत चालताना टाकत तशी पावलं टाकत मंचावर आले.

"मी नाही बोललो," मी म्हणालो. "पाऊणराव बोलले."

अर्धवटरावांच्या इतक्या कार्यक्रमांच्या अभ्यासातून मी जो कायदा शिकलो होतो, तो मी बजावला होता. गुन्हा मांडीवरच्याचा आहे. मांडीवाल्याने ओशाळायचं, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या. मी ओशाळलोसुद्धा, आणि तेवढं मात्र पाध्यांच्या तोडीचं जमलं होतं. पण नाना दूरदर्शनचे प्रेक्षक नव्हते. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता आणि टीव्हीकाकूंकडे ते अध्यक्षीय खुर्ची नसल्यामुळे जात नसत. त्यांना शब्दभ्रम होतच नव्हता. मंडपात एकट्या त्यांनाच बरोबर कळलं की आवाज कुठून आला. टाळी वाजली, पण एका हाताची.

दरम्यान दादा मंचाखालून ओरडून सांगत होता, "मामा म्हणायचं होतं त्याला, मामा! म चा न होतो!" व्याकरणाचं हे स्पष्टीकरण नानांनी मान्य केलं नाही. पुढे भाडेपावतीवर सही करताना ते माझ्याकडे बघून थोडा वेळ थांबत.

पडदा पडला, म्हणजे दोघांनी चादर धरली. मी मंडपामागे बांबूंपाशी पाऊणरावांना मांडीवर घेऊन बसलो. गाल चुरचुरत होता. पाऊणरावांचा करडा डोळा निखळून मंचावर राहिला होता.

तेवढ्यात आजी आली. तिला मोतीबिंदू होता, आणि दातांची कवळी ती फक्त लग्नाकार्यात लावी. त्यामुळे तिचा उलटा प्रकार होता. तिचे दंत्य सगळे गेले होते आणि ओष्ठ्य तेवढे धडधाकट उरले होते. पाऊणरावांचे ओष्ठ्य नव्हते, दंत्य मजबूत होते. दोघांना मिळून एक वर्णमाला पुरली असती.

आजी माझ्याशेजारी फतकल मारून बसली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. करवंटीवरून हात फिरवत ती म्हणाली, "पाऊणराव, भले बोललात बाप्पा. पण भलत्या माणसापुढे बोललात."

मी ओठ मिटून गप्प होतो. दोरी ओढली. पाऊणरावांनी एकदा जबडा उघडला, एकदा मिटला.

"भूक लागलीय होय," आजी म्हणाली. पदराची गाठ सोडली. प्रसादाचे दोन पेढे होते. एक माझ्या हातावर ठेवला, दुसरा चेरी ब्लॉसमच्या झाकणात. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि अंधारात पाय चाचपत आरतीला निघून गेली.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. माझा पेढा मी खाल्ला, आणि पाऊणरावांचाही मीच खाल्ला. तो मात्र ओठ न हलवता.